अब्जात एक भाग

हडपसर,
४ नोव्हेंबर २०२४

शर्मिला,

जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस असं अभयकडून कळलं. टपालखात्यात अजून ती सोय नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा बंगळूरचा पत्ता अभयनेच दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मामाचा मुलगा असला तरी तो तुझ्याच बाजूचा आहे. दोन वेळा जेवायला बोलावून मी तो पत्ता त्याच्याकडून काढून घेतला.

आधी कामाचं. ३१ ऑक्टोबरला मी कारखान्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं झाली. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला उद्यापासून कुठेही वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ, म्हणजे कमाल आहे. भाषणं झाली. साहेब म्हणाले, मॅडमच्या हाताखालून गेलेलं मालाचं एकही पिंप कधी परत आलं नाही. हे खरं आहे.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. ऑगस्टमध्ये अभय ट्रेनिंगसाठी तुझ्याकडे चार दिवस राहून आला. परवा त्याने सांगितलं.

‘आत्या, ताईच्या घरी गॅसच नाहीये.’

‘मग इंडक्शन असेल.’

‘ते पण नाही. सगळं बाहेरून मागवते. खालच्या मजल्यावर कोणी नुसती फोडणी दिली ना, तरी ही गॅलरीत जाऊन उभी राहते.’

‘तू काही बोलला नाहीस?’

‘बोललो ना. तर म्हणे, अभय, प्लीज, टॉपिक चेंज.’

बाबांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली. घरात जे घडलं त्यानंतर तुला भीती वाटणं मी समजू शकते. पण भीती बरीचशी अज्ञानातून येते, म्हणून थोडी माहिती देते. लहानपणी तू ऐकून घेतली नाहीस, आता वाच.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो गळला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून त्यात वास मिसळावा लागतो. तो वास आम्ही बनवत होतो. त्याचं नाव इथाइल मर्कॅप्टन. दोन कार्बन, त्यांना चिकटलेला एक गंधक, बाकी हायड्रोजन. इवलासा रेणू आहे. कांदा, लसूण, मुळा, हिंग यांच्या वासामागेही कार्बनला जोडलेला हाच गंधक असतो. मर्कॅप्टन त्यांच्याच भावकीतला, फक्त बेताल. ते पस्तीस अंशाला उकळतं. म्हणजे एप्रिलच्या दुपारी पुण्यात टेबलावर ठेवलंस तर आपोआप उकळायला लागेल. म्हणून ते थंड ठेवतात. माणसाचं नाक ते हवेच्या अब्ज भागांत एक भाग असलं तरी ओळखतं. प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं यंत्रं वापरली, पण नाकाच्या तोडीचं एकही पाहिलं नाही.

ते विषारी आहे का, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी ‘अभ्यास कर’ म्हणाले होते. आहे. थोड्या प्रमाणात डोकं दुखतं, मळमळतं. खूप जास्त झालं तर माणूस बेशुद्ध पडतो, श्वास बंद पडतो. पण सिलिंडरमध्ये ते इतकं नाममात्र असतं की त्याचा अपाय होत नाही. ते फक्त ओरडतं. गॅस पेटण्याच्या प्रमाणाला पोचण्याच्या पुष्कळ आधी ते ओरडायला लागतं. वास आला की खिडक्या उघडायच्या, नॉब बंद करायचा, काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. एवढं केलं की माणूस वाचतो. तेव्हा गॅस घे. स्वयंपाक कर. तू एकतीस वर्षांची आहेस.

काही शंका असल्यास लिही.

आई


२३ नोव्हेंबर २०२४

शर्मिला,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं आहे, मी रजिस्टर केलं होतं. तुझ्या सहीची पोच माझ्याकडे आली. सही अजून बाबांसारखीच करतेस, शेवटी रेघ ओढून.

मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. ते पत्र नव्हतं, नव्या कामगारांना द्यायचा कागद होता. आज दुसरं काही लिहिते.

तू सहावीत होतीस. शाळेचं गॅदरिंग होतं. आदल्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, ‘आई, तू नको येऊस. बाबांना पाठव.’ मी कारण विचारलं. मग म्हणालीस, ‘मुली नाक धरतात. म्हणतात, तुमच्या घराला वास येतो.’

हे वाक्य मला नवीन नव्हतं. माझ्या आईने ते तिच्या कामावरच्या घरांत ऐकलं होतं, आणि तिच्या अंगाला धुण्याच्या साबणाखेरीज कसलाही वास येत नव्हता. मी एम. एस्सी. झाले तेव्हा ती म्हणाली होती, आता तुला कोणी काही म्हणायचं नाही. तर मी नोकरी शोधली तीही अशी.

मी गॅदरिंगला आले. पहिल्या रांगेत बसले. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, मी त्यातल्या एकीवर पर्स ठेवली. तू स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं नाहीस. बसमध्येही माझ्या शेजारची जागा कायम मोकळी असायची, गर्दीच्या वेळीसुद्धा. मला ती ऐसपैस मिळायची. खालच्या विमलाबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, ‘नंदाताई, तुम्ही आलात की आम्हाला मालिकेची वेळ कळते हो.’ मी त्यांना म्हणायचे, ‘विमलाबाई, तुमच्या शेगडीची गळती तुम्हाला कळते ती माझ्यामुळे. आभार माना.’

कारखान्यात बायकांसाठी वेगळं स्नानघर नव्हतं. ते मी भांडून बांधून घेतलं. तीन वर्षं अर्ज केले. त्याच्या भिंतीवरच्या टाइल्सचा रंगसुद्धा मी निवडला. कामावरून सुटल्यावर तिथे ब्लीचिंगच्या पाण्याने हात धुवायचे, केसांवरून आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मग गेटबाहेर पडायचं, असा नियम मीच लिहिला. आणि मी तो एकदाही पाळला नाही. बाबांना मी सांगायचे की आंघोळ केली तर पाच-चाळीसची बस चुकते. बस चुकली असती हे खरं. पण कारण ते नव्हतं. धुऊन यायचं म्हणजे नाक धरणाऱ्यांचं बरोबर आहे असं कबूल करायचं, असं मला वाटायचं. तू दहावीत, मग बारावीत, मग सदाशिव पेठेत क्लासला जायला लागलीस तेव्हा, दर वेळी म्हणालीस, ‘आई, निदान कपडे तरी बदलून येत जा.’ मी दर वेळी म्हणाले, ‘हा माझ्या कामाचा वास आहे. लाज वाटत असेल तर ती तुझी अडचण आहे.’

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. माझ्या जागी पूर्वा नावाची मुलगी आली आहे. हुशार आहे, बडबडी आहे. डबा खाताना सांगत होती, ‘मॅडम, आमच्याकडे मी आले की मांजर पळून जातं. आई म्हणते, तुला बेल वाजवायची गरजच नाही, आम्हाला तू जिन्यात असतानाच कळतं.’

मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. म्हणाले, ‘आजपासून आंघोळ केल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. वॉचमनला सांगून ठेवते. केस ओले दिसले नाहीत तर सोडू नको म्हणून.’

ती म्हणाली, ‘पण मॅडम, तुम्ही तर कधीच...’

‘मी सांगते ते कर.’

ती स्टोअररूममध्ये जाऊन रडली. जाताना केस ओले होते. मला तिने निरोप दिला नाही.

मी का ओरडले ते इथे लिहायचं होतं. आज राहू दे.

आई


१५ डिसेंबर २०२४
रविवार

शर्मिला,

आज अभय आला होता. मी त्याला तुझ्याबद्दल सरळ विचारलं. तो आधी भेंडीची भाजी फार छान झाली आहे असं म्हणाला. भेंडी करपली होती.

मग म्हणाला, ‘आत्या, ताई माझ्याशी त्या विषयावर एकदाच बोलली. म्हणाली, ज्या हाताने सिलिंडर लावला त्या हाताने मी आता काही शिजवणार नाही. म्हणाली, मी बाबांना मारलं.’

‘हे तू मला आज सांगतोस?’

‘तू विचारलंस कुठे? तू इंडक्शनचं विचारलंस.’

तो गेल्यावर मी बसून होते. मला वाटत होतं तुला गॅसची भीती वाटते. मी तुला गॅसची माहिती पाठवली.

आता नीट वाच. यासोबत एक कागद आहे. मूळ प्रत आहे, झेरॉक्स नाही. १४ मार्चला घरात भडका उडाला. त्यानंतर तपासणीसाठी सिलिंडर नेला होता, त्याचा हा अहवाल आहे. तिसरा परिच्छेद वाच. ‘रेग्युलेटर योग्य प्रकारे बसवलेला आढळला. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधील रबरी रिंग आधीपासून चिरलेली होती. गळती तिथून झाली.’

ती रिंग सिलिंडरच्या आत असते. बाहेरून दिसत नाही. त्या दिवशी सकाळी तू सिलिंडर बदललास, तू नीट बदललास. मी बदलला असता, बाबांनी बदलला असता, तरी तो तसाच गळला असता. तुझी काहीही चूक नव्हती. तुझी घाई झाली नव्हती, तुझा हात हलला नव्हता, तू फोनवर बोलत होतीस म्हणून काही झालं नाही. यातलं काहीही कारण नाही.

अहवालावरची तारीख बघ. ११ एप्रिल २०२३.

म्हणजे मला वीस महिने माहीत आहे.

तू विचारशील की का सांगितलं नाही. तू बंगळूरला निघून गेली होतीस, फोन घेत नव्हतीस, हे सगळं मी लिहू शकते. पण रजिस्टर पत्र तेव्हाही पाठवता आलं असतं.

उरलेलं उद्या लिहीन. हा कागद मात्र आजच टाकते. उद्या माझं मन बदललं तर.

आई


१७ डिसेंबर २०२४

शर्मिला,

काल लिहिलं नाही. काल मी माळा झाडला.

बाबा इस्पितळात दोन दिवस बोलत होते हे तुला माहीत आहे. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि तू औषधं आणायला खाली गेलीस. दुकानात रांग होती, तुला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात बाबा माझ्याशी जे बोलले ते मी कोणालाही सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी ते वाचनालयात गेले होते. कबुतरांमुळे खिडक्या बंद होत्या. घर दुपारभर बंद होतं आणि गॅस गळत होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांनी लॅचच्या किल्लीने दार उघडलं. वास आला.

आपल्या घराची रीत तुला सांगायला नको. मी तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत वास पोचायचा, आणि बाबा उठून गॅसवर चहाचं आधण ठेवायचे. मी चप्पल काढेपर्यंत पाणी उकळलेलं असायचं. ते निवृत्त झाल्यापासून रोज. त्याआधीही, शाळेच्या नोकरीतून लवकर सुटले की. आमच्यात फार गोड बोलणं कधी नव्हतं. हे होतं.

बाबांनी मला सांगितलं, ‘दार उघडलं तर वास. म्हटलं, आज लवकर सुटली वाटतं. हाक मारली तुला. तू बोलली नाहीस. म्हटलं, हातपाय धूत असेल. चहा ठेवायला काडी ओढली.’

मी म्हणाले, ‘वास इतका होता, तरी कळलं नाही तुम्हाला?’

हे मी विचारलं. भाजलेल्या माणसाला मी हे विचारलं.

ते म्हणाले, ‘वास होता ना तुझा.’

गॅसचा म्हणाले नाहीत. तक्रारही नव्हती त्यात. मी विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

शेजारच्या कुठल्याही घरात तो वास आला असता तर माणूस दारातूनच मागे फिरला असता. विमलाबाईंना दोन मजले खाली गळती कळली असती. या शहरातल्या लाखो घरांत तो वास एकच गोष्ट सांगतो, आणि ती सांगावी म्हणून मी चौतीस वर्षं खपले. फक्त माझ्या घरात त्याचा अर्थ बायको आली असा होत होता. तो अर्थ मी लावून ठेवला होता. रोज संध्याकाळी, जिना चढून. तुम्ही दोघं सांगत असताना, स्नानघर बांधलेलं असताना.

मला स्वतःला तो वास कितीतरी वर्षांपूर्वी यायचा बंद झाला. त्या संध्याकाळी मी आले तेव्हा खाली लोक जमले होते, नाकाला पदर आणि रुमाल लावून. मला फक्त जळल्याचा वास येत होता.

अजून आहे. बाबा पुढे म्हणाले, ‘शमूला काही बोलू नकोस. सिलिंडर तिने लावला म्हणून उगाच मनाला लावून घेईल. तिला म्हणावं, बाबा म्हणाले, तुझं काही नाही त्यात.’

मग तू औषधं घेऊन आलीस. मी तुला निरोप दिला नाही. तेव्हा वाटलं, ते बरे होतील आणि स्वतःच सांगतील. गुरुवारी ते गेले.

जलदान विधीच्या दिवशी घर भरलेलं होतं. तुझ्या मोठ्या काकूंनी विचारलं, ‘असं झालं तरी कसं? सिलिंडर कोणी लावला होता?’ तू पाण्याचे पेले भरत होतीस. मी म्हणाले, ‘शर्मिलाने.’

वाक्य खरं होतं. आयुष्यभर अहवालात मी खरीच वाक्यं लिहीत आले. तुला काही बोलू नकोस असं बाबा म्हणाले होते, आणि मी तुला काही बोलले नाही. तुझ्यासमोर दुसऱ्यांना बोलले. तुझ्या हातातला पेला भरून पाणी सतरंजीवर वाहत होतं आणि तुला ते कळत नव्हतं, हे मी पाहिलं. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं.

‘तू का नाही बोललीस?’ असं तू विचारशील, त्याचं उत्तर मला वीस महिने माहीत होतं, पण शब्दांत आज पहिल्यांदा मांडते आहे. कोणीतरी विचारलंच असतं की रिंग चिरलेली होती तर होती, पण वास कसा आला नाही? आणि त्याचं उत्तर एकच होतं. तुझी चूक होती तोवर माझी नव्हती. एवढंच कारण. मी ते उलटसुलट करून पाहिलं, दुसरं काही निघत नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. ती मागण्यासारखी गोष्ट नाही ही. हे वाचून तू माझं तोंड पाहायचं नाही असं ठरवशील, तर ठरव. मला ते लिहिण्याआधीच माहीत होतं, आणि म्हणूनच इतके दिवस लागले. पण बाबांचा निरोप तुझा आहे. तो मी दाबून ठेवला होता, तो आता तुझ्याकडे आला.

तुझं काही नाही त्यात. बाबा म्हणाले.

आई


९ जानेवारी २०२५

शर्मिला,

तुझं पाकीट आज मिळालं. पोस्टमन सही घेत होता तेव्हाच फोडलं. दोनच ओळी आहेत, म्हणून इथे उतरवून घेते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे यात शंका नको.

‘जलदानाच्या दिवशी मी बॅग भरत होते तेव्हा तू खोलीच्या दारात येऊन उभी राहिलीस. बाबांचा निरोप तेव्हा तुझ्याकडे होता?’

मला ती वेळ आठवते. तू माझ्याकडे पाठ करून कपडे कोंबत होतीस. खांदे हलत होते. मी बराच वेळ उभी होते. मग मी तुला विचारलं, चार्जर घेतलास का.

होता.

आई